टँकर, नगरपालिका आणि आबांचा हात

माझ्या वडलांचा, म्हणजे आबांचा, सगळा धंदा पंच्याखाली चालायचा. ते जनावरांच्या बाजारातले दलाल. एका बाजूला विकणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, मध्ये बैल आणि बैलाशेजारी आबा. खांद्यावरचा पंचा ते आपल्या हातावर टाकायचे, घेणारा त्या पंच्याखाली हात घालायचा आणि मग दोघेही भलतीकडेच बघत उभे राहायचे. एखादा आभाळाकडे, एखादा भज्याच्या गाडीकडे. कुणी कुणाचं कुठलं बोट धरलं, किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, यावरून भाव सांगितला जायचा आणि तिथेच वाढायचा किंवा उतरायचा. आजूबाजूला माणसांची ही गर्दी, पण आकडा दोघांतच राहायचा.

मला लहानपणापासून नाक खुपसायची सवय. त्या पंच्याखाली काय चालतं ते सांगा म्हणून मी आबांच्या किती मागे लागले असेन. शाळेत होते तेव्हा ते म्हणायचे, मोठी हो मग सांगतो. कॉलेजात गेल्यावर म्हणायला लागले, आता तुला त्याची काय गरज. एकदा बाजारात मी खाली वाकून पंच्यात डोकावायचा प्रयत्न केला, तर बैलाने शेणाने भरलेली शेपटी माझ्या तोंडावर अशी काही मारली की आबा सौदा सोडून हसत बसले. त्या दिवसापासून वाकून बघायचं मी बंद केलं. विचारायचं मात्र बंद केलं नाही.

तर हे आबा आमच्या नगरपालिकेच्या टँकरच्या तडाख्यात सापडले. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची नातवंडं अजून तिथेच राहतात आणि त्यातल्या काहींशी माझं जाणंयेणं आहे. बहात्तरचा दुष्काळ होता. नगरपालिका ट्रॅक्टरला टाकी जोडून गल्लोगल्ली पाणी वाटायची. आबा सकाळी सायकलवरून आष्ट्याच्या बाजाराला निघाले होते. बोळात टँकर मागे येत होता, ड्रायव्हरचं लक्ष पुढच्या भांडणाकडे, आणि आबा टाकी आणि भिंत यांच्यामध्ये अडकले. सायकलचा चेंदामेंदा झाला. आबांनी टाकी अडवायला पुढे केलेल्या हातावरून मडगार्डचा पत्रा फिरला आणि उजवा तळहात आडवा चिरला गेला. ड्रायव्हर बिचारा इतका घाबरला की त्याने आबांना त्याच ट्रॅक्टरवर बसवलं आणि टाकीसकट सरकारी दवाखाना गाठला. पाणी कुठे चाललं म्हणून गल्लीतल्या बायका घागरी घेऊन मागे धावत होत्या. हाताला टाके पडेपर्यंत दवाखान्याच्या दारात पाण्याची रांग लागली होती.

टाके सुटले, जखम भरली. बोटं वळत होती, मूठ होत होती. आम्ही म्हटलं, थोडक्यात निभावलं. मग एका दुपारी आबा उंबऱ्यावर बसून कुणाशी तरी बोलत होते आणि आईला स्वयंपाकघरात कातडं जळल्याचा वास आला. बाहेर येऊन बघते तो काय, आबांच्या हातातली बिडी संपून बोटाला लागली होती, बोट भाजत होतं, आणि ते आपले निवांत गप्पा मारत होते. आईने हात झटकला तेव्हा त्यांना कळलं. अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं, सगळी बहिरी. करंगळीला तेवढं कळत होतं.

आई रडली. आबा मात्र भाजलेल्या बोटाकडे परक्याच्या बोटाकडे बघावं तसे बघत राहिले आणि आम्हा दोघींना एवढंच म्हणाले, की ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये.

कारण उघड होतं. ज्या दलालाच्या बोटांना कळत नाही, त्याच्या पंच्याखाली कोण हात घालणार? मुका माणूस बाजारात चालला असता, एका डोळ्याचाही चालला असता. पण ज्या हाताला समोरच्याचा आकडाच समजत नाही, तो बाजारात काही कामाचा नव्हता. शेत नाही, दुसरं काही येत नाही, आणि तसं म्हटलं तर दुसरं काही करायची त्यांची इच्छाही नव्हती. बाजाराच्या आदल्या दिवशी हा माणूस पंचा स्वतः धुऊन वाळत घालायचा, आणि आईने धुतलेला त्यांना चालायचा नाही.

मिरजेच्या एका डॉक्टरांनी हात तपासला. डोळे मिटायला लावून बोटांना सुई टोचली आणि सांगितलं की तळहातातल्या नसा तुटल्यात, त्या शोधून शिवता येतील, सगळं नाही तरी बरंचसं परत येईल. पण फार थांबू नका, वर्ष उलटलं तर मग उपयोग नाही. खर्च ऐकून आम्ही एसटीने मुकाट्याने परत आलो. आईच्या ओळखीच्या एका वकिलांनी मग सांगितलं की चूक नगरपालिकेच्या गाडीची आहे, त्यांच्याकडून भरपाई मागा, कोर्टात जायच्या आधी ते तडजोड करतील. वकील तरुण होते, उत्साही होते, आणि काळा कोट त्यांना जरा मोठा व्हायचा.

आता यातली गंमत बघा. भरपाई मिळाली तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन झालं तर हात परत येणार. पण भरपाई मिळवायची तर हात गेलाय हे नगरपालिकेत चारचौघांत सांगायला हवं. आणि ते एकदा सांगितलं की बाजार गेला. वकिलांनी अर्जात जखमेबद्दल मोघम लिहिलं होतं. आबांनी त्यांना त्यापुढे एक अक्षर लिहू दिलं नव्हतं.

दरम्यान आबा दर आठवड्याला बाजाराला जातच होते आणि सौदेही होत होते. हे कसं, ते मला कळेना. शेतकऱ्यांचं एक वेळ समजू शकत होतं, त्यांना ते बाजूला घेऊन कानात विचारत. पण व्यापाऱ्यांचं काय? ते तर भर गर्दीत हातावरच बोलायचे. मी आबांना विचारलं. ते म्हणाले, अभ्यास कर.

उत्तर मला आपसूक घरी चालत आलं. आष्ट्याकडचे एक जैन शेठ होते, बैलांचे मोठे घेणारे आणि आबांचे जुने दोस्त. आबा घरी नाहीत असं बघून ते एक दिवस आले, चहा घेतला, आणि आईला हळूच म्हणाले की वहिनी, काळजी करू नका, आबांनी मला सगळं सांगितलंय, मी त्यांच्या बोटांवर बोलतच नाही, मनगटावर बोटं टेकवून बोलतो. मनगटाला त्यांच्या कळतं. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही आणि माझ्या तोंडून कधी जाणार नाही. आईला इतकं भरून आलं की तिने त्यांना दुसरा चहा दिला.

दोन दिवसांनी कुंडलचे एक व्यापारी आले. त्यांनीही आईला बाजूला घेतलं. आबांनी फक्त त्यांना सांगितलं होतं. तेही मनगटावर बोलत होते आणि जीव गेला तरी कुणाला सांगणार नव्हते. पुढच्या आठवड्यात फलटणकडचे एक जण येऊन गेले. तेव्हा मात्र आई पदर तोंडात धरून आत पळाली आणि मला त्यांच्यासमोर गंभीर चेहरा करून बसावं लागलं. आबांनी एकेका व्यापाऱ्याला गाठून, तुझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई असं सांगत सगळा बाजार बांधून ठेवला होता. अख्खा बाजार एकच गुपित पाळत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की ते त्याच्या एकट्याचंच आहे. मला या माणसांचं फार कौतुक वाटलं. त्यांचा हाच इमानीपणा आमच्या अंगाशी येणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

तडजोडीची बैठक नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर झाली. सही करायला आबांचं पेन घसरायचं म्हणून, आणि घरात शिकलेली मीच म्हणून, त्यांनी मला बरोबर घेतलं. मुख्याधिकारी नवे होते, पुण्याकडून बदलून आलेले, बोलायला मऊ. टँकरची चूक त्यांनी सुरुवातीलाच मान्य करून टाकली, ड्रायव्हरने स्वतःच तसं सांगितलं होतं. प्रश्न उरला हाताचा. आबांनी पेला उचलून दाखवला, मूठ मिटून दाखवली. मुख्याधिकाऱ्यांनी नम्रपणे विचारलं की मग नुकसान नेमकं कसलं झालं? आमचे वकील मिरजेच्या डॉक्टरांचं नाव घेणार, तोच आबांनी त्यांच्या कोटाची बाही ओढली.

नगरपालिकेचे वकील मुरलेले होते. ते म्हणाले, हे गृहस्थ आजही दर बाजारात सौदे ठरवतात, हवं तर बाजारातल्या माणसांनाच विचारू. आणि त्यांनी खरोखरच व्यापारी बोलावून ठेवले होते. तेच. एकामागून एक आत आले, टोप्या सरळ करून उभे राहिले, आणि मला पुढचं सगळं दिसायला लागलं.

कुंडलचे म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. फलटणचे म्हणाले, पूर्वीपेक्षा चांगला झालाय. शेवटी आष्ट्याचे शेठ उभे राहिले. त्यांनी आबांकडे एकदा अशा नजरेने पाहिलं, की दोस्ता, घाबरू नकोस, मी आहे. आणि मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, "साहेब, असा हात साऱ्या मुलखात न्हाई. मी डोळं झाकून इस्वास ठेवतो."

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सत्काराला बसवल्यासारखे ते लाजले होते. एकेका साक्षीबरोबर आमची भरपाई बुडत होती आणि या माणसाची छाती फुगत होती. मला संताप आला. त्या भल्या माणसांचा आला, आबांचा आला, आणि मुकाट बसल्याबद्दल स्वतःचाही आला. माझ्या ओठांवर शब्द आला होता, पण आबांनी टेबलाखालून माझा हात दाबला. त्याच हाताने. किती जोरात दाबतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं, मला बोटं मोडतात की काय असं झालं.

मुख्याधिकाऱ्यांनी कागद जुळवले. म्हणाले, दवाखान्याचा खर्च आणि सायकल एवढं आम्ही देतो, विषय मिटवू. मग, रीत म्हणून, आबांना विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का.

आबा उठले. बाकावर बसलेल्या व्यापाऱ्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. आपण आता कशावर पाणी सोडतो आहोत हे त्यांना त्या खोलीत सगळ्यांत जास्त कळत होतं. मला वाटलं, हे नमस्कार करून खाली बसणार.

"साहेब, ही माणसं माझ्यासाठी बोलत्यात," आबा म्हणाले. "पर हात गेलाय माझा. बोटांना कायबी कळत न्हाई. ह्ये समदे माझ्या मनगटावर बोलत्यात. परत्येकाला मी सांगितलं हुतं, तुझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई म्हणून."

बाकावर हालचाल झाली. कुंडलच्यांनी फलटणच्यांकडे पाहिलं, फलटणच्यांनी आष्ट्याच्या शेठकडे. शेठ हळूच म्हणाले, "म्हंजी तुमालाबी व्हय?" त्यांचा आवाज असा आला की हसावं की वाईट वाटून घ्यावं मला समजेना. ते रागावले नव्हते. त्यांच्याकडची एक मौल्यवान वस्तू एकदम साधी होऊन गेली होती.

मुख्याधिकारी मात्र कागद विसरून खुर्चीत पुढे सरकले. हे मनगट, पंचा, बोटं, काय प्रकार आहे म्हणून त्यांनी इतक्या आवडीने विचारलं की मला तो माणूस तिथल्या तिथे आवडून गेला. माझ्यासारखाच नाक खुपसणारा निघाला. आबांनी पंचा हातावर टाकला. साहेबांनी पंच्याखाली हात घातला. साहेबांनी कुठलं तरी बोट धरलं असणार, कारण त्यांनी विचारलं, हे कोणतं? आबा म्हणाले, कळत नाही. साहेबांनी दुसरं धरलं. आबांनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्या वेळी साहेबांनी विचारलंच नाही. नंतर त्यांनी सांगितलं की त्या वेळी त्यांनी नख खच्चून रुतवलं होतं आणि आबा शांतपणे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता धराल म्हणून वाट बघत.

तडजोड त्याच दिवशी झाली. आकडा मी इथे सांगत नाही. आबांनी तो घरातही कधी मोठ्याने सांगितला नाही, धंद्याची सवय. ऑपरेशनला पुरून थोडं उरेल एवढा होता.

पुढच्या बाजाराला आबा गेले. मला वाटत होतं काही बिघडणार नाही, सगळ्यांना आधीपासून ठाऊकच तर होतं. पण प्रत्येकाला एकट्याला ठाऊक असणं वेगळं. आता शेतकऱ्यांपर्यंत बातमी पोचली होती. एकाने बैल पुढे करता करता तोंडावरच विचारलं, ह्यांच्या हाताला कळतं का, उद्या भानगड झाली तर कोण बघणार? व्यापाऱ्यांनाही तो प्रश्न टाळता येईना. त्यांनी आबांना चहा पाजला, तब्येत विचारली, ऑपरेशनला कधी जाताय म्हणून विचारलं, आणि सौदे दुसऱ्याच्या पंच्याखाली केले. संध्याकाळी आबा घरी आले ते घडी न मोडलेला पंचा खांद्यावर घेऊन. मी विचारणार होते, पण आईने डोळे वटारले.

मिरजेचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस झाडाच्या मुळासारखी सावकाश वाढते, धीर धरा. तो उन्हाळा, तो पावसाळा आबा घरात बसून होते. शेजारच्या पोरांवर खेकसायचे, आईच्या स्वयंपाकात खोड्या काढायचे, आणि बाजाराच्या दिवशी हमखास डोकं दुखतं म्हणून झोपून राहायचे. आईने त्यांच्यासाठी एक खेळ काढला. पिशवीत मूठभर धान्य घालायची आणि डोळे मिटून ओळखा म्हणायची. सुरुवातीला सगळंच त्यांना पीठ वाटायचं. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या, इतक्या की ते ओरडायचे. मग एक दिवस हरभरा ओळखला, मग तूर. ज्वारी आणि गव्हात बरेच दिवस भांडण चाललं. आपल्याला आलं नाही की ते आईवर आरोप करायचे, की तू मिसळून घालतेस. मधल्या बोटाचं टोक शेवटपर्यंत बहिरंच राहिलं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ते पुन्हा बाजाराला निघाले. आई देवापाशी बसली. मी कॉलेजला दांडी मारली, पण बरोबर नेणार नाही असं त्यांनी बजावून सांगितलं, तेव्हा दिवसभर घरात फेऱ्या घातल्या. हात परत आला होता, पण तो परत आलाय हे बाजाराला कोण पटवणार? डॉक्टरांचा दाखला दाखवून तर कुणी बैलाचा भाव सांगणार नव्हतं.

आबा परत आले तेव्हा पंचा चुरगळलेला होता. आईने तो आधी पाहिला. ते पाणी प्यायले, भिंतीला टेकले. माझ्याने राहवेना. कुणी हात दिला, मी विचारलं.

आष्ट्याच्या शेठनी दिला होता. सगळ्यांच्या देखत.

"बोटांवरच बोलला," आबा म्हणाले. "पर लय सावकाश. एकेक बोट धरून थांबायचा, माझ्या तोंडाकडं बघायचा, मग म्होरलं. आंधळ्याला रस्ता वलांडून द्यावा तसं."

मला इतकं वाईट वाटलं की मी भलतीकडे बघायला लागले. आता हे असंच राहणार, असं माझ्या मनात आलं. हात बरा झाला, पण लोक त्याच्याशी कायम जपून बोलणार.

"मग?" आईने विचारलं.

"मग काय. मी माझा भाव सांगितला, माझ्या पयल्या चालीवर. सपासप." आबांनी हवेत बोटं अशी झरझर फिरवली की मला एकही वेगळं दिसलं नाही. "शेठला समजलंच न्हाई. सगळ्या बाजारासमोर म्हणाला, आबा, परत सांगा की."

आणि ते हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाठीवर थापट्या मारता मारता आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.